लहान मोटार, मोठा हिशेब



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि पुढे ही प्रथा महाराष्ट्रात गावोगाव पसरली. अशा व्यासपीठावरून वेदान्त, इतिहास, शेती असे भारदस्त विषय ऐकण्याची आपणांस सवय आहे. म्हणून मी जेव्हा चालकांना सांगितले की, मी माझ्या जुन्या मोटारीवर बोलणार आहे, तेव्हा त्यांच्यातील एकजण अगदी गंभीरपणे म्हणाले, "गुरुजी, गाडी विकायची आहे काय?" तेव्हा प्रारंभीच सांगून टाकतो: गाडी विकायची नाही. कोणी घेणारही नाही. परंतु सव्वीस वर्षांहून अधिक काळ एकच वस्तू जवळ बाळगली म्हणजे ती वस्तू आपल्याला काही शिकवते, आणि मला जे शिकविले त्यातील एक धडा इतका महाग पडला की, तो फुकट वाटून टाकणे मला माझे कर्तव्य वाटते. तो धडा मी शेवटाकडे सांगेन. आधी थोडी पार्श्वभूमी.

आपल्या देशात मोटार ही वस्तू पुष्कळ काळ सामान्य माणसाची नव्हतीच. १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली, आणि मुंबईत कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यातून फियाट गाड्या निघू लागल्या. हीच फियाट पुढे 'पद्मिनी' झाली. डॉक्टर, वकील, बडे अडते यांच्या दारात ती उभी असे. आणि मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती सर्वांची झाली. या जातीची शेवटची टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेवला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरताच ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून उतरली. त्या दिवशी मुंबईकरांना घरचे माणूस गेल्यासारखे वाटले, असे वर्तमानपत्रांतून वाचले. मला त्याचे नवल वाटले नाही. तथापि त्या काळी पैसे भरूनही फियाट मिळायला वर्षानुवर्षे थांबावे लागे, हेही विसरून चालणार नाही.

हे चित्र पालटले ते १४ डिसेंबर १९८३ या दिवशी. दिल्लीचे हरपालसिंग हे एक गृहस्थ. पहिल्या मारुती ८०० ची किल्ली त्यांना पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते मिळाली. किंमत पन्नास हजारांच्या आसपास. पुढे कितीतरी नव्या गाड्या बाजारात आल्या, परंतु हरपालसिंगांनी ती गाडी २०१० मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत सोडली नाही. त्यांच्या माघारी ती घराबाहेर गंजत उभी होती. अखेर कंपनीने ती दुरुस्त करून आपल्या मुख्य कार्यालयात मांडून ठेवली. या गाडीचे उत्पादन १८ जानेवारी २०१४ रोजी थांबले. तीस वर्षांत लाखो घरांनी आयुष्यातली पहिली मोटार म्हणून हीच गाडी पाहिली. त्या लाखांतले एक घर माझे.

१९९९ सालच्या जूनमध्ये मी परभणीच्या एका गृहस्थांकडून ही गाडी घेतली. बनावट १९९४ ची. किंमत पंचाण्णव हजार. भविष्यनिर्वाह निधीतून उचल काढली, थोडे सौभाग्यवतीच्या बांगड्यांनी भरले. गाडी दारात आली तेव्हा आईने चाकांखाली लिंबे ठेविली आणि तिच्या नाकावर कुंकू लाविले. गाडीला नाक नसते असे मी म्हणालो, आई म्हणाली, "जिथून श्वास घेते ते नाक." जाळीतून रेडिएटरला वारा लागतो हे तिला कोणी सांगितले नव्हते, परंतु तिचे उत्तर यंत्रशास्त्राला धरूनच होते!

ही गाडी म्हणजे काय चीज आहे ते सांगतो. तीन सिलिंडरांचे ७९६ घनसेंटिमीटरचे इंजिन, तेही आडवे बसविलेले. ओढ पुढच्या चाकांना. चाके बारा इंची, बैलगाडीशेजारी उभी केली तर खेळण्यातली वाटावीत अशी. सर्व गाडीचे वजन सुमारे साडेसहाशे किलो. थंडीत चोक ओढल्याशिवाय चालू व्हायची नाही. वातानुकूलन नाही. आता 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' म्हणणाऱ्या आपल्या जिल्ह्यात मे महिन्यात अशा पत्र्याच्या डब्यात बसणे ही एक तपश्चर्याच आहे. परंतु या हलकेपणाचा लाभही मोठा. पहिल्या पावसानंतर आपली काळी माती चाकांना कशी धरते ते आपण जाणता. अशा चिखलात मोठ्या गाड्या रुतून बसत. आमची गाडी रुतली की चौघे उतरत, 'हरि विठ्ठल' म्हणून उचलत आणि बाजूला ठेवीत.

दुसरा लाभ साधेपणाचा. तिचा सुटा भाग गंगाखेडला मिळाला नाही तर परळीला मिळे, परळीला नाही तर परभणीला हमखास. आमच्या मिस्त्रींचे शिक्षण सातवीपर्यंतचे, परंतु ते बॉनेट उघडण्यापूर्वी आधी कान लावीत. इंजिन तीनऐवजी दोन सिलिंडरांवर चालले आहे हे ते आवाजावरून सांगत, आणि बहुधा ते खरे निघे. ज्या वस्तूचा आजार गावातला माणूस ओळखू शकतो आणि गावातच बरा करू शकतो, तीच वस्तू दीर्घकाळ टिकते.

गाडी माझ्या नावावर होती, परंतु लवकरच ती गल्लीची झाली. राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ साली सुरू झाली. त्याआधी रात्री-अपरात्री कोणाचे पोट दुखले, कोणास सर्प डसला, कोणाची वेळ भरत आली, तर लोक ज्याच्या दारात मोटार आहे त्याचीच कडी वाजवीत. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयाची वाट ही गाडी इतक्या वेळा चालली आहे की, परळीच्या पुढचा चढ ती आपणहून दुसऱ्या गिअरमध्ये चढते असे मी थट्टेने म्हणतो. एकदा शेजारची सून अडली होती. मागे ती, तिची सासू आणि दाई. पुढे मी आणि पदोपदी 'हळू' आणि 'लवकर' ही दोन्ही सांगणारा तिचा नवरा. वेळेवर पोहोचलो. तो मुलगा आज पुण्यास नोकरी करतो, आणि दिवाळीला आला की माझ्या गाडीच्या टपावर हात फिरवून जातो. तेव्हा मोटार ही चैन आहे की गरज, या वादात मी पडत नाही. ती कोणाच्या दारात उभी आहे आणि रात्री कडी वाजल्यावर दार उघडते की नाही, यावर ते ठरते.

आता हिशेबाकडे वळतो. मास्तरकीच्या सवयीने मी पहिल्या दिवसापासून गाडीची एक वही ठेविली. किती पेट्रोल, किती किलोमीटर, कोणता भाग, किती रुपये. या वहीत सर्वांत मोठा खर्च पेट्रोलचा, हे उघडच आहे. परंतु दुरुस्तीचे मोठे आकडे मी एकदा तांबड्या शाईने अधोरेखित केले, तेव्हा चमत्कारिक गोष्ट ध्यानी आली. जवळजवळ प्रत्येक मोठ्या आकड्याच्या आधी काही आठवडे एक लहान काम टाळलेले होते!

उदाहरण देतो. रेडिएटरची एक रबरी नळी असते. २००५ च्या उन्हाळ्यात ती फुगली होती. किंमत शंभराच्या आत. मी म्हटले, पावसाळ्यात पाहू. मे महिन्यात गंगाखेडच्या वाटेवर ती फाटली, पाणी गेले, आणि काटा तांबड्या रेघेवर जाऊनही मी 'आता गाव आलेच' म्हणून गाडी दामटली. इंजिनाच्या डोक्याचा भाग अल्युमिनियमचा असतो; तो अति तापला की वाकतो. गॅस्केट जळाले, डोके उतरवून तासून घ्यावे लागले, आणि शंभराच्या जागी साडेपाच हजार गेले. यंत्र हा फार सभ्य सावकार आहे. तो मागायला दारात येत नाही. परंतु व्याज सोडीत नाही.

इथवरचा हिशेब रुपयांचा होता, आणि रुपये पुन्हा मिळविता येतात. आता मी प्रारंभी म्हटलेल्या धड्याकडे येतो. हे सांगताना मला आजही संकोच वाटतो.

२०१६ सालचा मे महिना. मिस्त्रींनी मला दोनदा सांगितले होते, "गुरुजी, पुढचे टायर बदला." मी वाकून पाहिले, नक्षी निम्मीहून अधिक शिल्लक होती. निवृत्तीनंतर गाडी फिरणार किती? आठवड्यातून एखादा फेरा. मी म्हटले, "मिस्त्री, हे टायर अजून चार वर्षे जातील." ते म्हणाले, "नक्षी आहे गुरुजी, पण रबर मेलंय." मी हसलो, आणि मनात म्हटले, याला टायर विकून चार पैसे मिळवायचे असतील. मित्रहो, ज्या माणसाने सोळा-सतरा वर्षे माझी गाडी स्वतःच्या लेकरासारखी सांभाळली, त्याच्याविषयी माझ्या मनात हा विचार आला. काटकसरीचा अतिरेक झाला म्हणजे तो आधी माणसांवरचा विश्वास खातो.

त्यानंतर आठ दिवसांनी आम्ही परळीस वैजनाथाच्या दर्शनाला निघालो. दुपारी बाराचा सुमार. शेजारच्या आसनावर सून, तिच्या मांडीवर पाच वर्षांची नात. मागे सौभाग्यवती आणि दोन पाहुणे. वेग सत्तरच्या आसपास असेल. पुढचे डावे टायर तोफेसारखा आवाज करून फुटले. अशा वेळी चाक घट्ट धरून ठेवावे, ब्रेक दाबू नये, गाडीचा वेग आपोआप उतरू द्यावा, हे मला वाचून ठाऊक होते. परंतु पायाने वाचलेले नव्हते! मी सर्व शक्तीने ब्रेक दाबला. गाडी डावीकडे ओढली गेली, साइडपट्टी सोडून खाली उतरली आणि नालीत कलंडली.

गाडी शांत झाली तेव्हा पहिला आवाज नातीच्या रडण्याचा आला, आणि जन्मात रडण्याचा आवाज मला कधी इतका गोड लागला नाही. तिचे कपाळ समोरच्या फळीवर आपटले होते. सात टाके पडले, आणि डाव्या मनगटाचे हाड मोडले. सुनेने तिला दोन्ही हातांनी आवळून धरले नसते, किंवा समोरून एखादा उसाचा ट्रक येत असता, तर आज मी येथे बोलायला उभा नसतो; आणि उभा राहण्याची इच्छाही उरली नसती. सून मला एक शब्द बोलली नाही. मुलगा बोलला नाही. मिस्त्री रात्री गाडी ओढून आणायला आले, फुटके टायर पाहिले आणि तेही काही बोलले नाहीत. कोणी रागावले असते तर मला बरे वाटले असते.

त्या रात्री मी वही उघडली. दोन टायरांची किंमत तेव्हा चार-साडेचार हजार होती. ती मी वाचविली होती. जमेच्या बाजूस तो आकडा आणि नावेच्या बाजूस नातीचे कपाळ, असा तो हिशेब. मी ते पान फाडले नाही. ते अजून वहीत आहे.

नंतर मी या विषयाचा अभ्यास केला, आणि जे कळले ते आपणांस सांगतो, कारण ते आपल्या कामाचे आहे. टायर दोन प्रकारांनी मरते. एक झिजून, दुसरे वय होऊन. ऊन, उष्णता आणि हवेतील प्राणवायू यांमुळे रबर कडक होते, त्यास बारीक तडे जातात, आतील थरांची पकड सुटते. कमी चालणाऱ्या गाडीची नक्षी शाबूत राहते, म्हणून मालक फसतो. आपल्याकडील उन्हात अंगणात उभी राहणारी गाडी तर न चालताही म्हातारी होत असते. त्यात हवा कमी असली म्हणजे टायरची बाजू अधिक दबते, प्रत्येक फेऱ्यात अधिक तापते, आणि भर दुपारी, भरल्या गाडीत, डांबरी रस्त्यावर फुटते. माझ्या बाबतीत या साऱ्या गोष्टी एकत्र आल्या होत्या. टायर पाच वर्षांचे झाले की दरवर्षी जाणत्याकडून तपासून घ्यावे, आणि दहा वर्षांपुढे कितीही चांगले दिसले तरी वापरू नये, असे टायर बनविणारेच सांगतात.

वय ओळखण्याची खूण सोपी आहे. टायरच्या बाजूवर एका लंबगोलात चार अंक उठविलेले असतात. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. ३५१२ असेल तर ते २०१२ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनले. माझ्या फुटलेल्या टायरवर अंक होते १८०६. दहा वर्षे आणि काही दिवस! जन्मभर मुलांना अंकगणित शिकविले, आणि हे चार अंक मी कधी वाचले नव्हते.

त्या दिवसापासून माझ्या वहीला दोन स्तंभ आहेत. एका स्तंभावर लिहिले आहे 'थांबेल', दुसऱ्यावर 'थांबणार नाही'. रंग, आसनांची खोळ, पोचा आलेला पत्रा, काचेची खुंटी, रेडिओ हे सारे 'थांबेल' या स्तंभात. तेथे मी मनसोक्त चिक्कूपणा करतो. गाडीचा मागचा दरवाजा गेली सहा वर्षे बाहेरूनच उघडतो. टायर, ब्रेक, सुकाणूचे सांधे, दिवे, पट्टे, पेट्रोलच्या नळ्या हे 'थांबणार नाही' या स्तंभात. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते, म्हणून ते पातळी बरोबर असली तरी दर दोन वर्षांनी बदलावे. गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तर उंदीर तारा कुरतडतात, हे आपल्याकडे सर्वांस ठाऊक आहे. चालू करण्यापूर्वी बॉनेट उघडून पाहावे. काटकसर आणि कद्रूपणा या दोन शब्दांत आपण पैशावरून फरक करतो. माझ्या मते फरक हा की, काटकसरीत झळ आपण स्वतः सोसतो, आणि कद्रूपणात ती दुसऱ्याला सोसावी लागते.

येथे जुन्या गाडीचे वेडे कौतुक करण्याचाही माझा हेतू नाही. तिच्या अंगी नसलेले गुण तिला चिकटविणे हेही असत्यच. २०१४ च्या आरंभी ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्या धडकवून पाहिल्या, त्यात पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. मग त्याहूनही वीस वर्षांपूर्वीच्या माझ्या गाडीची काय कथा! नव्या गाड्यांत पुढील दोन्ही आसनांसमोर हवेच्या पिशव्या असणे आता कायद्याने सक्तीचे आहे. माझ्या गाडीत पिशवी आहे ती भाजीची. तसेच मूल मांडीवर घेऊन पुढे बसणे ही आपल्या घराघरांतील रीत सोडली पाहिजे. आणि पाच जणांच्या गाडीत सात जण कोंबून लग्नाला जाणेही. मागे बसणाऱ्यासही पट्टा हवा. २०२२ च्या सप्टेंबरात पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला; ते मोठ्या, महागड्या गाडीत मागे बसले होते, आणि पट्टा लावलेला नव्हता. तेव्हा मोठी गाडी म्हणजे सुरक्षितता, हेही पुरते खरे नाही.

सरकारचेही जुन्या गाड्यांकडे लक्ष असते. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते, शिवाय पर्यावरण कर. २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ अशा चार वेळा मी ती वाढवून घेतली. पूर्वी या नूतनीकरणाची फी सहाशे रुपये होती, ती एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाली. आणि वीस वर्षांवरील मोटारींसाठी ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार. दुसरीकडे पंपावरील पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते. आपण ऊस लावणारी माणसे, इथेनॉलला नावे ठेवणे आपणांस शोभणार नाही. परंतु इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे तिसऱ्या हिश्शाने कमी ऊर्जा असते, ते पाणी ओढते, आणि जुन्या बनावटीच्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. म्हणून मी सर्व नळ्या बदलून घेतल्या. जुन्या गाडीचा मालक हा नेहमी जागा असावा लागतो. ज्याला झोप प्रिय आहे त्याने ती ठेवू नये.

माझा मुलगा म्हणतो, "दादा, आता पुरे झाले." त्याने नवी गाडी घेतली आहे, लांबच्या प्रवासाला आम्ही तिनेच जातो, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. माझी गाडी गावातच फिरते, चाळीसच्या वर जात नाही. २०२९ साली नोंदणी संपेल तेव्हा ती पुन्हा वाढवायची नाही, असे मी ठरविले आहे. वस्तू सांभाळणे हा गुण आहे, परंतु ती वेळेवर सोडणे हा त्याच गुणाचा शेवटचा भाग आहे. मिस्त्रींची मी त्याच वेळी क्षमा मागितली. ते म्हणाले, "गुरुजी, पोरगी वाचली ना? मग झालं." त्यांच्या मनाचा हा मोठेपणा माझ्या वहीत कोणत्या स्तंभात लिहावा हे मला अद्याप कळलेले नाही.

नात आता पंधरा वर्षांची आहे. ती आज या सभेत बसली आहे. कपाळावरची खूण केसांनी झाकते. तिनेच मला सांगितले, "आजोबा, माझी गोष्ट सांगा, पण लोकांना काहीतरी करायला लावा." म्हणून तिच्या वतीने एक विनंती. बाहेर मैदानात आपल्या दुचाकी आणि चारचाकी गाड्या उभ्या आहेत. घरी निघण्यापूर्वी क्षणभर वाका, आणि टायरवरचे ते चार अंक वाचा. वाचता आले नाहीत तर मला हाक मारा. मी विजेरी घेऊन फाटकापाशी उभा आहे.